सुई धरणारा हात आत, पैसा मोजणारा हात मोकळा



मागच्या महिन्यात वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात विषय होता 'कायदा आणि जबाबदारी'. बोलता बोलता मायकल जॅक्सनचं नाव निघालं. बारावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "दादा, तो औषधं घेऊन घेऊनच मेला ना? मग डॉक्टरला कशाला आत टाकलं? स्वतःच्या कर्मानं मेला!" वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आलं नाही. हेच वाक्य आम्ही तीन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत, एकोणीस वर्षांच्या एका पोराच्या मयतीत ऐकलं होतं. 'स्वतःच्या कर्मानं मेला.' पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि फाइल बंद झाली.

हे 'स्वतःच्या कर्मानं' फार सोयीचं असतं. अस्पृश्य माणूस अस्पृश्य का, तर त्याच्या मागच्या जन्माच्या कर्मानं, हे आपल्याला शेकडो वर्षं ऐकवलं गेलं. त्यात सगळा दोष पीडिताच्या पदरात पडतो आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात. बाबासाहेबांनी ही पूर्वजन्माच्या कर्माची थिअरी मुळापासून नाकारली. मग नशेनं झालेल्या मृत्यूच्या वेळी आपण तीच थिअरी मागच्या दारानं घरात का घेतो?

म्हणून आज जॅक्सनच्या मृत्यूबद्दल लिहायचं आहे. 'त्या करोडपती नाचणाऱ्याशी आपला काय संबंध?' असं काही कार्यकर्ते विचारतील. संबंध आहे. नशेनं माणूस मेल्यावर जबाबदार कोण, या प्रश्नावर जगात सर्वात जास्त पैसा, वकील आणि वेळ कुठे खर्च झाला असेल तर अशा सेलिब्रिटींच्या खटल्यांत. कायदा कुठपर्यंत जातो आणि कुठे येऊन थांबतो, हे तिथे स्वच्छ दिसतं.

आधी घटना बघू.

२५ जून २००९. लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या बंगल्यात मायकल जॅक्सन मेला. लंडनच्या ओटू अरेनात त्याचे ५० कार्यक्रम ठरले होते आणि ते जुलैत सुरू होणार होते. वय ५०. अंगावर डोंगराएवढं कर्ज. रात्र रात्र झोप नाही आणि दिवसा तालीम. झोप यावी म्हणून त्याला जवळपास दोन महिने बहुतेक रोज रात्री प्रोपोफॉल दिलं जात होतं. प्रोपोफॉल ही झोपेची गोळी नाही. ऑपरेशनच्या आधी भूल देण्यासाठी शिरेतून देतात ते हे औषध. ते देताना शेजारी श्वास आणि हृदय बघणारी यंत्रं लागतात, प्रशिक्षित माणूस लागतो, कारण त्यानं श्वास थांबू शकतो. इथे ते बेडरूममध्ये चाललं होतं. देणारा होता कॉनराड मरे, हृदयरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ नव्हे. त्याचा ठरलेला पगार महिन्याला दीड लाख डॉलर.

खटल्यात काय पुढे आलं? या डॉक्टरनं एका फार्मसीतून प्रोपोफॉलच्या अडीचशेहून जास्त बाटल्या मागवल्या होत्या. काय दिलं, किती दिलं याची नोंद ठेवलेली नव्हती. पुरेशी यंत्रं नव्हती. औषध दिल्यावर तो खोलीतून बाहेर गेला. परत येऊन बघतो तर श्वास बंद. तरीही रुग्णवाहिकेला फोन लगेच गेला नाही, आणि शेवटी केला तो एका सुरक्षारक्षकानं, दुपारी १२ वाजून २१ मिनिटांनी. आलेल्या वैद्यकीय पथकाला त्यानं प्रोपोफॉलचा उल्लेखही केला नाही. बचाव असा होता की जॅक्सननं डॉक्टरच्या पाठीमागे स्वतःच जास्तीचं औषध टोचून घेतलं. म्हणजे पुन्हा तेच, स्वतःच्या कर्मानं!

ज्युरीनं हा बचाव मानला नाही. ७ नोव्हेंबर २०११ रोजी मरे सदोष मनुष्यवधात दोषी ठरला. जाणूनबुजून खून नव्हे, पण इतका बेफिकीरपणा की तो गुन्हाच. २९ नोव्हेंबरला त्या कलमाखालची जास्तीत जास्त शिक्षा झाली, चार वर्षं. कॅलिफोर्नियाचे तुरुंग भरलेले, म्हणून ती काउंटीच्या तुरुंगात भोगायची होती. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, २८ ऑक्टोबर २०१३ ला तो बाहेर आला.

आता अभ्यासवर्गातल्या आमच्या त्या मुलाचा प्रश्न. जॅक्सन सज्ञान होता. त्यानं स्वतः हे औषध मागितलं होतं, हट्टानं मागितलं होतं. मग डॉक्टर दोषी कसा?

उत्तर सोपं आहे. मागणं हे रुग्णाचं, नाही म्हणणं हे डॉक्टरचं काम. ज्याला व्यसन जडलं आहे, ज्याला झोपेवाचून वेड लागायची पाळी आली आहे, त्याची संमती म्हणजे मोकळ्या माणसाची संमती नव्हे. डॉक्टरला पदवी, परवाना आणि फी मिळते ती याच ठिकाणी 'नाही' म्हणण्यासाठी. सावकाराकडे कर्ज मागणारा शेतमजूर स्वतःच्या पायानं जातो, म्हणून दहा टक्के महिना व्याज न्याय्य ठरतं का? कागदावर अंगठा त्याचाच असतो. संमतीच्या या भाषेनं आपल्याला किती लुटलं आहे हे आपल्याइतकं कोणाला माहीत?

इथपर्यंत आम्ही न्यायालयाबरोबर आहोत. पण खरी गंमत पुढे आहे.

जॅक्सनच्या आईनं आणि मुलांनी दुसरा खटला लावला, दिवाणी. तो होता कार्यक्रम भरवणाऱ्या एईजी लाइव्ह या कंपनीवर. म्हणणं असं की मरेला कामावर कंपनीनं ठेवलं आणि देखरेख केली नाही. कंपनीचं म्हणणं असं की डॉक्टर जॅक्सनच्या आग्रहामुळे आला, तो जॅक्सनचा माणूस, आणि प्रोपोफॉलचा आम्हाला पत्ताच नव्हता. मृत्यूच्या आधीच्या दिवसांतले कंपनीचे ईमेल कोर्टात वाचले गेले. एकात कंपनीच्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की डॉक्टरला आठवण करून द्या, पगार जॅक्सन नाही, आपण देतोय. दुसऱ्या ईमेलमध्ये कार्यक्रमाच्या दिग्दर्शकानं जॅक्सनची तब्येत ढासळल्याची काळजी कळवली होती. खटला पाच महिने चालला.

२ ऑक्टोबर २०१३ ला निकाल आला. ज्युरीपुढे पहिला प्रश्न होता, कंपनीनं मरेला कामावर ठेवलं होतं का? उत्तर, होय. दुसरा प्रश्न, ज्या कामासाठी ठेवलं त्या कामासाठी तो अपात्र किंवा अकार्यक्षम होता का? उत्तर, नाही. संपला खटला. पुढचे प्रश्न वाचायचीही गरज उरली नाही.

नीट बघा मित्रांनो. 'ज्या कामासाठी ठेवलं' त्या कामासाठी! तो परवानाधारक डॉक्टर होता आणि काम होतं डॉक्टरकीचं, म्हणून तो पात्र. मालकानं नोकराला कोणत्या दबावाखाली ठेवलं, कर्जात बुडालेल्या डॉक्टरला एवढा पगार दाखवल्यावर तो 'नाही' म्हणू शकत होता का, आजारी माणसाला तालमीला उभं करण्याची घाई कोणाला होती, हे प्रश्न ज्युरीच्या त्या कागदावर मुख्य नव्हतेच. ज्युरीनं बेइमानी केली असं आम्ही म्हणत नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आमचं म्हणणं आहे की प्रश्न तयार करतानाच निम्मा निकाल लागतो. त्याच ऑक्टोबरमध्ये कंपनी सुटली आणि डॉक्टरही सुटला. फरक एवढाच की डॉक्टर तुरुंगातून सुटला.

कायद्याची ही सवय आहे. तो सुई धरणाऱ्या हातापर्यंत बरोबर पोचतो. त्या हाताला पैसा मोजणाऱ्या हाताकडे जाताना मात्र त्याचे पाय जड होतात.

आता दुसरी बाजू. काही तरुण मित्र म्हणतील, मग कायदा कडक करा, नशा पुरवणाऱ्याला वीस वर्षं आत टाका. थांबा. हाही प्रयोग होऊन गेला आहे, तोही एका प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूवरून.

लेन बायस हा मेरीलंड विद्यापीठाचा कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. जून १९८६ मध्ये बोस्टन सेल्टिक्सनं त्याची निवड केली आणि दोनच दिवसांनी, १९ जूनला, तो कोकेननं मेला. अमेरिका हादरली. निवडणुकीचं वर्ष होतं. चार-साडेचार महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, नवा अमली पदार्थविरोधी कायदा सहीसकट तयार! त्यात ठरलं की ५०० ग्रॅम कोकेन पावडरला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच ५ ग्रॅम क्रॅकला. शंभरास एक! पावडर श्रीमंत गोऱ्यांच्या पार्ट्यांत चालायची, क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत. बायस स्वतः मेला तो पावडरनं. पण त्याच्या नावावर पुढची वीसेक वर्षं तुरुंग भरले ते त्याच्याच समाजाच्या पोरांनी. २०१० मध्ये हे प्रमाण अठरास एक वर आणलं. शून्यावर आणलेलं नाही. आणि बायसला कोकेन पुरवल्याचा आरोप ज्या मित्रावर होता, तो १९८७ मध्ये निर्दोष सुटला होता!

त्याच कायद्यात असंही कलम होतं की पुरवलेल्या नशेनं मृत्यू झाला तर किमान वीस वर्षं. यात अडकतात कोण? बहुतेकदा दुसरा नशेडीच, ज्यानं आपल्यातली अर्धी पुडी मित्राला दिली. २०१४ मध्ये 'बरेज' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्या पदार्थाशिवाय मृत्यू झालाच नसता, हे सिद्ध करा. नुसता हातभार लागला असेल, एवढ्यावर वीस वर्षं देता येणार नाहीत. म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध करा, हे सांगायला २८ वर्षं गेली.

मॅथ्यू पेरीचं प्रकरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा नट लॉस एंजेलिसच्या घरी केटामीननं मेला. पाच जणांवर गुन्हे दाखल झाले. दोन डॉक्टर, एक विक्रेती, एक मध्यस्थ आणि पाचवा त्याच्याच घरात राहणारा मदतनीस, ज्यानं त्याला इंजेक्शनं दिली. पाचही जणांनी गुन्हा कबूल केला. आम्हाला विचाराल तर डॉक्टर आणि मदतनीस यांना एका तागडीत तोलता येत नाही. डॉक्टरला 'नाही' म्हटल्यानं एक गिऱ्हाईक गेलं असतं. मदतनीसाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. मदतनीस निर्दोष आहे असं नव्हे. पण जबाबदारी ठरवताना माणसाकडे किती ज्ञान होतं आणि किती मोकळीक होती, हे मोजलं नाही तर तो न्याय नव्हे.

आपल्या मुंबईतही हे नाटक झालं. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला. तो नशेनं मेला नव्हता, तरी टीव्हीवाल्यांनी नशेचा धागा पकडून एका तरुणीला रोज रात्री नऊ वाजता फाशी दिली. रिया चक्रवर्ती महिनाभर तुरुंगात राहिली, ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला, आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या महिन्यांत वस्तीत नशेनं किती पोरं मेली, हे एकाही चॅनलनं विचारलं नाही. जबाबदारी शोधणं वेगळं आणि बळी शोधणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीत आपला समाज नेहमीच हरतो, कारण बळी शोधायला निघालेली गर्दी शेवटी आपल्याच दारात येते.

मग आपल्या दारात काय चाललंय?

जून २०१५. मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली. हातावर पोट असलेली माणसं. दारूत मिथेनॉल होतं. काही पोलीस निलंबित झाले, १४ आरोपींवर खटला चालला, आणि २०२४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, चार जण दोषी ठरून बाकीचे सुटले. कारखान्यात वापरायचं रसायन पिंपानं बाहेर पडतं, वस्तीत गुत्ते उघडपणे चालतात, हे कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही, आणि हिशेब चार माणसांवर संपतो.

गटारात उतरणाऱ्या आपल्या भावांचं बघा. त्या घाणीत शुद्धीत उतरवतच नाही, म्हणून अनेक जण आधी घोटभर दारू घेतात. ठेकेदाराला हे माहीत असतं, पुष्कळदा तोच आणून देतो. आणि गॅसनं गुदमरून माणूस मेला की पहिलं वाक्य काय? 'दारू पिऊन उतरला होता.' २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं उतरवणंच गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. भरपाई कधीतरी मिळते. शिक्षा झालेला ठेकेदार किंवा अधिकारी मात्र दिवा घेऊन शोधावा लागतो. जॅक्सनच्या कंपनीचा बचाव आणि आमच्या ठेकेदाराचा बचाव यात भाषेचाच काय तो फरक. 'त्याला आम्ही सांगितलं नव्हतं, त्यानं आपल्या मनानं केलं.'

आणि आता आमच्या गल्लीतला तो पोरगा. नाव लिहीत नाही, त्याची आई हे वाचेल. मराठवाड्यात ज्यांना 'बटन' म्हणतात, त्या झोपेच्या गोळ्या तो खायचा. सोबत दारू. एका रात्री झोपला तो उठलाच नाही. उशाखाली रिकामी पट्टी होती. त्या पट्टीवर बॅच नंबर असतो. या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात. त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, आणि विकल्या तर डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. म्हणजे ती पट्टी कुठल्या दुकानातून आली हे शोधणं एका दुपारचं काम होतं. कोणी शोधलं नाही. दोन मित्रांना चौकीत नेऊन चोपलं आणि सोडलं. पट्टी कचऱ्यात गेली.

आमच्या हातूनही तेव्हा चूक झाली, हे कबूल केलं पाहिजे. आम्हीही मयतीत मान खाली घालून उभे राहिलो. समाजाची बदनामी नको म्हणून गप्प बसलो. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात पाचवं शील आहे, आणि ते मोडलं म्हणून तो मेला, असं मनातल्या मनात आम्हीही म्हटलं असेल. पण मित्रांनो, भगवान बुद्धांनी फक्त पिणाऱ्याला शील सांगून विषय संपवला नाही. उपासकानं जे पाच व्यापार करू नयेत असं सांगितलं, त्यांत मादक पदार्थांचा आणि विषाचा व्यापार आहे. पिणाऱ्यासाठी शील आहे तसा विकणाऱ्यासाठीही धम्म आहे. आपण त्यातली पहिली बाजू तेवढी पाठ केली आणि दुसरी विसरलो.

म्हणून जबाबदारी ठरवायची आमची कसोटी साधी आहे. मृत्यू झाला की तीन प्रश्न विचारा. धोका कोणाला माहीत होता? त्यातून पैसा कोणाला मिळत होता? आणि थांबवण्याची ताकद कोणाच्या हातात होती? तिन्ही उत्तरांत ज्याचं नाव येईल तो पहिला जबाबदार. ज्याचं नाव एकाही उत्तरात येत नाही, त्याला पकडून पोलिसांनी कोटा भरू नये. मरेचं नाव तिन्हींत येतं. आमच्या गल्लीत ते औषध दुकानदाराचं आणि त्याला पेटीनं माल देणाऱ्याचं येतं. मार खाल्लेल्या त्या दोन मित्रांचं फार तर एकात येतं.

आपल्या कायद्यात हे करायला जागा आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, मृत्यू होऊ शकतो हे माहीत असून केलं तर १०५ आहे. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे. ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक मृत्यूला डॉक्टर मार खाईल. आणि व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून संरक्षण देणारं कलम ६४-अ एनडीपीएस कायद्यात आहे. आमच्या वस्तीत हे कलम किती जणांना माहीत होतं? एकालाही नाही. कलम २७ मात्र, म्हणजे सेवनाबद्दल शिक्षा, चौकीतल्या प्रत्येकाला पाठ!

तेव्हा करायचं काय? वस्तीत असा मृत्यू झाला तर रडण्याच्या आधी पट्टी, बाटली, पुडी सांभाळा. फोटो काढा, बॅच नंबर लिहून घ्या, पंचनाम्यात त्याची नोंद करायला लावा. शवविच्छेदन आणि व्हिसेरा तपासणीचा आग्रह धरा, कारण काय खाऊन मेला हे कागदावर नसेल तर पुढे काहीच उभं राहत नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या, एच-१ रजिस्टर तपासलं का ते विचारा, उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आणि व्यसनात अडकलेल्या पोराला चौकीच्या आधी उपचाराला न्या. कलम ६४-अ त्याच्या आईला समजावून सांगा.

जॅक्सनच्या आईकडे पाच महिने खटला लढवायला वकील होते, तरी कंपनी सुटली. आमच्या गल्लीतल्या आईकडे वकील नाही. तिच्याकडे तुम्ही आहात, शिकलेले, अर्ज लिहिता येणारे. त्या रविवारी आम्ही त्या बारावीतल्या मुलाला एवढंच म्हणालो की बाळा, पुढच्या वेळी 'स्वतःच्या कर्मानं मेला' म्हणण्याआधी विचार, पट्टी कुठून आली? तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "दादा, ते दुकान मला माहीत आहे."

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं मिळून अन्न व औषध प्रशासनाचा अर्ज लिहायला बसतोय.

जयभीम! नमो बुद्धाय!